उतरवलेलं घड्याळ

साहेब लोक गेले त्या दिवशी दादाने कचेरीच्या भिंतीवरचं त्यांचं घड्याळ उतरवलं. आमच्या कॉफीच्या कारखान्यात दोन घड्याळं होती. एक आमच्या वेळेचं, दुसरं साहेबाच्या देशातल्या. कारण कॉफी आमची असली तरी तिचा भाव तिकडचा बाजार उघडल्यावर ठरायचा. दादाने घड्याळ काखोटीला मारलं आणि म्हणाला, "आजपासून वेळ एकच. आपली."

बिया निवडणाऱ्या आम्ही बायकांनी टाळ्या पिटल्या. सख्खा भाऊ मॅनेजर झालेला, म्हणून मी जरा जास्तच.

"आणि दादा, भट्टी?"

कच्च्या बिया बोटीवर चढल्या की आमचं काम संपायचं, मग पुढच्या हंगामापर्यंत घरी बसा. इथेच भाजल्या-दळल्या असत्या तर वर्षभर हाताला काम होतं.

"पुढच्या हंगामात आपलीच भट्टी. शब्द दिला."

शब्द द्यायला त्याच्या बापाचं काय जात होतं. बाप माझाही तोच, म्हणून सांगते.

हंगाम आला, तसा साहेबांच्या कंपनीचा माणूसही आला. याला साहेब म्हणायचं नाही, असं आम्हाला बजावून दादा स्वतःच त्याची बॅग उचलायला धावला. वहिनीने सोनेरी झाकणाचा परदेशी डबा काढला. कॉफी आमचीच, तिकडे भाजून चौपट दामाने परत आलेली. पाहुण्याने ती पीत पीत सांगितलं, बिया कच्च्याच घेऊ. भाजून पाठवाल तर आमचं सरकार जकात अशी लावेल की कोणी हात लावणार नाही. दादाने तिथल्या तिथे सही केली. पेन पाहुण्याचं होतं. पुसून परत दिलं.

"म्हणजे भट्टी नाही," मी म्हटलं.

"जगाचा बाजार आहे, बाई. तुला नाही कळायचं."

"मालक आपण, भाव त्यांचा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. एवढं कळतं."

"तुझ्या जिभेला हाड नाही."

"तुझ्या पाठीला तरी कुठे आहे?"

दुसऱ्या दिवशी ते घड्याळ पुन्हा भिंतीवर. आणि वेळ बिनचूक. चावीचं घड्याळ, इतके महिने बंद कसं पडलं नाही?

"पलंगाखाली होतं," वहिनी हळूच म्हणाली. "न चुकता चावी द्यायचे. वाकताना गुडघे दुखायचे हो त्यांचे."

शेवटचं पोतं बोटीवर चढलं आणि आम्हाला घरी बसवलं. निघताना दादाने तो सोनेरी झाकणाचा डबा माझ्या हातात ठेवला. रिकामा.

"मीठ ठेवायला होईल," म्हणाला.

मी घेतला. डबा चांगला होता.