काकवीचं बोट

पुण्याहून आल्यापासून कोल्हारच्या चांगुणाचा जीव थाऱ्यावर नव्हता. आतून बाहेर, बाहेरून आत, नुसत्या येरझारा. तिची लेक शेवंता जन्मापासून खोकणारी, काडीसारखी. मुका घ्यावा तर ओठाला मीठ लागावं असा तिचा घाम. आता पुण्याचे डॉक्टर म्हणाले होते, "जन्मापासूनच्या त्याच आजारानं आता रक्तात साखर वाढलीय. इन्शुलिन टोचा, पण खाणं तोडू नका. तिला भरपूर खायला लागतं."

पण चांगुणाचं मन साखरेपाशीच अडकलं. तिचा सासरा साखरेच्या आजारानंच गेला होता, तोही चोरून गूळ खात. तिनं घरातली ढेप पेटीत घालून कुलूप ठोकलं. लेकीला सकाळी कडुनिंबाचा रस अन् चतकोर भाकरी. इन्शुलिनची बाटली मात्र माठाखालच्या ओल्या वाळूत जपली, सुई उकळून नेमानं टोचली.

एका दुपारी शेवंता अंगणातच थरथरत कोसळली. अंग घामानं निथळत होतं. पुण्याला सोबत गेलेली जाऊ राहीबाई कडाडली, "सुई टोचून पोरीला उपाशी ठिवतीस व्हय गं? साखर पार उतरलीय तिची, गोड घाल तिच्या तोंडात!"

चांगुणा शेजारच्या गुऱ्हाळावर धावली, वाटीभर काकवी घेऊन आली आणि लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बोटानं गालाच्या आत चोळत राहिली.

बऱ्याच वेळानं शेवंताची जीभ हलली. डोळे न उघडताच ती बोट चाटत पुटपुटली, "राहीकाकू, आज लई दिलंस गं. आयेला सांगू नगं, हां."