सेरेसची टाचणी

ऐका जरा, टाचणी बोलतेय. साधी, पोलादी, बोटाच्या दोन पेरांएवढी. डोक्यावर हिरव्या नेलपॉलिशचा वाळलेला थेंब आहे, म्हणून मी कुणी खास आहे असं समजू नका. आणि खास नाही असंही समजू नका. तीन वर्षं मी आकाशातल्या एका बटुग्रहाच्या जागी उभी होते. उभी म्हणजे खुपसलेली. आमच्या जातीला उभं राहण्याचा दुसरा प्रकार ठाऊक नाही.

जन्म कारखान्यातला, तारेच्या वेटोळ्यातून, हजारो बहिणींबरोबर. तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं म्हणणाऱ्या टाचण्या थापा मारतात. मला शुद्ध आली ती एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या दुकानात, टाचण्यांच्या लाल उशीवर. रस्त्याला लागून एक खोली, दारात कपड्यांची दांडी, आत मशीन. पँटा आखूड करायच्या, बाह्या उतरवून लांब करायच्या, चेन बदलायच्या. ही बाई ओठांत चार टाचण्या धरून गिऱ्हाइकाशी भांडायची आणि एक पडू द्यायची नाही. मी त्या ओठांत कितीदा राहिले आहे. एकदाही टोचले नाही, हे नोंदवून ठेवा.

वरच्या मजल्यावर तिची नणंद राहायची. छापखान्यात तीस वर्षं प्रुफं तपासून घरी बसलेली. दुकानवालीची मुलगी तिला आत्या म्हणायची, मीही तेच म्हणते. दुसऱ्यांच्या चुका काढता काढता आत्या ज्योतिष शिकली. गुरू नाही, परीक्षा नाही, जे छापायला आलं ते वाचलं. शाळा-कॉलेजात शिकलेल्यांनी नाक मुरडलं तर खुशाल मुरडावं. मीही ऐकूनच शिकले आहे आणि माझं काही अडलेलं नाही.

आत्याकडे बुचाचा फळा होता. त्यावर मोठं वर्तुळ, त्याची बारा स्थानं, आणि ग्रहांच्या जागी रंगीत मण्यांच्या टाचण्या. सूर्य केशरी, शनी निळा, प्लूटो काळा. एके दिवशी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून तिनं एक परदेशी पुस्तिका आणली. लघुग्रहांची कोष्टकं! ती घेऊन खाली दुकानात आली तीच तोंड सोडत.

"वहिनी, रवीपासून केतूपर्यंत मोज. नऊच्या नऊ बाप्ये! यांची घरं कोण चालवत होतं इतके दिवस?"

"तुम्हीच सांगा, वन्सं," टाचण्यांमधून उत्तर आलं.

"या चौघी. पॅलास डोकं चालवणारी. जुनो संसार निभावणारी. वेस्टा विस्तव राखणारी. आणि सेरेस, पोटभर जेवायला घालणारी. आई! हिला आधी ग्रह म्हणाले, मग खाली उतरवून लघुग्रह केलं, मग दीडशे वर्षांनी पुन्हा थोडं वर चढवून बटुग्रह. माझ्यासारखीच नोकरी केली बिचारीनं."

फळ्यावरच्या रंगीत टाचण्या संपल्या होत्या. आत्यानं लाल उशीवरून न विचारता मला उचललं, डोकं भाचीच्या नेलपॉलिशात बुडवलं, आणि मी सेरेस झाले. बाकीच्या तिघी पुस्तिकेतच राहिल्या. मला गर्व झाला. का होऊ नये?

फळ्यावर काम नसलं की आत्या मला त्या पुस्तिकेच्या पानात टोचून ठेवायची, खूण म्हणून. हे लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

भाची मोजणीदार होती. तिपाईवर दुर्बीण लावून जमिनीचे कोन मोजायची. तिला दूरच्या डोंगरात बोगदा खणत होते तिथे नोकरी लागली. शनिवारपर्यंत होकार कळवायचा होता. मुलगी उडत घरी आली. आई मात्र मशीनवरून उठून थेट वर आली.

"वन्सं, तिची पत्रिका मांडा."

आत्यानं मांडली. लग्न मेष. सगळे ग्रह जागच्या जागी बसले, मग माझी पाळी आली. आत्याची एक सवय होती. कोष्टक वाचताना डोळा शेजारच्या ओळीवर घसरू नये म्हणून ती पानावर पुठ्ठा ठेवायची. पुठ्ठ्याला एकच फट, फटीतून एकच ओळ दिसायची. छापखान्यातलं तिचं हत्यार. पानाच्या डोक्यावर रास पाहिली, वृश्चिक. फटीत आकडा पाहिला, अठ्ठावीस. आणि मला आणून खुपसलं आठव्या स्थानात, काळ्या प्लूटोला खेटून.

आत्याचा चेहरा उतरला. "वहिनी, बस."

"का?"

"सेरेसची एक गोष्ट आहे. तिच्या लेकीला प्लूटोनं पळवून पाताळात नेलं. आईनं हाय खाल्ली, शेतं करपली. आता हिच्या पत्रिकेत बघ, सेरेस आणि प्लूटो एकाच अंशावर. आणि ही निघालीय कुठे? जमिनीच्या पोटात."

"म्हणजे लेक जाणार माझी?"

"जाणार असं नाही म्हटलं. हिरावली जाणार म्हटलं."

"फरक काय दोन्हीत?"

आत्यानं पुन्हा फटीत पाहिलं. आकडा तोच.

खाली आल्यावर मायलेकींचं वाजलं; ते जिन्यातून फळ्यापर्यंत ऐकू आलं, बाकीचं मला मागाहून कळलं. "आई, दूर कुठेतरी एक गोळा फिरतोय. त्याला माझ्या नोकरीचा पत्ता तरी आहे का?" मुलगी ओरडली. आई नुसती मशीन चालवत राहिली आणि एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही तोंडाशी शिवून बंद करून टाकली. दोन दिवस तिच्या पोटात अन्न गेलं नाही. आई भांडली असती तर मुलगी निघून गेली असती. उपाशी आईपुढे तिचं चालेना. शुक्रवारी दुपारी तिनं नकाराचं पत्र लिहिलं आणि चुका तपासायला आत्याकडे आणून टाकलं.

आत्या लाल पेन्सिल घेऊन बसली. मुलगी खिडकीत. हाताला चाळा म्हणून तिनं पुस्तिका ओढली, पान उघडलं आणि पुठ्ठा उचलून बाजूला ठेवला. आजवर तो कुणी उचलला नव्हता.

"आत्या, ही तुझी सेरेस दहा दिवसांत किती चालते?"

"दोन अंश. तू जन्मलीस तेव्हा वक्री होती, उलटी चालली होती. का गं?"

"एक तारखेला दोन अंश. अकराला शून्य. आणि एकवीसला, माझ्या जन्मतारखेला, अठ्ठावीस? मागे मागे जाता जाता एकदम पुढे उडी मारली का हिनं?"

पेन्सिल थांबली. आत्यानं पुस्तिका हिसकावली आणि पान खिडकीशी धरलं. अठ्ठावीसच्या शेजारी बारीक भोक होतं. त्यातून उजेड आला. भोकाच्या कडेला काळ्या शाईचं टोक उरलं होतं, तूळ राशीच्या खुणेचं. रास बदलली की त्या कोष्टकात एवढीशी खूण छापत, आणि नेमकी ती खूण मी खाल्ली होती. पानात टोचले गेले तेव्हा. रास तीस अंशांची; सेरेस उलटी चालत वृश्चिकेच्या शून्यातून मागच्या तुळेच्या अठ्ठाविसात गेली होती. प्लूटोपासून अख्खी रास लांब.

तेव्हा मला काय वाटलं ते सांगू? गंजून जावंसं वाटलं. एका मुलीची नोकरी आणि एका आईचं दोन दिवसांचं जेवण, माझ्या टोकाएवढ्या भोकातून गळून गेलं होतं. मी स्वतःहून टोचले नव्हते, हे खरं. पण एरवी टाचण्या असंच म्हणून सुटतात आणि माणसंही. मी सुटणार नाही.

"आत्या," मुलगी हसू दाबत म्हणाली, "आईला काय सांगायचं? छापण्यात चूक होती म्हणू?"

"छापण्यात?" आत्या ताडकन उठली. "मी तपासलेल्या पानाचा दोष छापणाऱ्याच्या माथी मारू? सरक."

मला फळ्यावरून उपटून, मुठीत घेऊन ती सतरा पायऱ्या उतरली. तीस वर्षांत तिची चूक कुणी पकडली नव्हती.

"वहिनी, मी चुकले."

मशीन घरघरत होतं. "काय म्हणालात?"

"चुकले म्हणते!"

"अं?"

"मशीन थांबव आधी! चुकले मी. आता चौथ्यांदा म्हणायला लावलंस तर बघ."

मशीन थांबलं. आत्यानं सगळं सांगितलं: पुठ्ठा, भोक, तूळ. "सेरेस सातव्यात, सोबतीच्या स्थानात आहे. प्लूटो तिच्या वाऱ्यालाही नाही. तुझी पोरगी जाईल तिथे तिला जेवायला घालणारं माणूस भेटेल, असा अर्थ होतो. आणि यातही चूक निघाली तर माझा फळा चुलीत घाल."

दुकानवालीनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीवर ठेवल्या. मग हसायला लागली, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला.

"वन्सं, एक सांगू? तुमच्या ग्रहाला मी नाही घाबरले. मला ती जायला नको होती. पण मी नको म्हटलं असतं तर मी वाईट. तुमच्या सेरेसनं म्हटलं, तर बरंच झालं."

जिन्यात उभी राहून मुलगी ऐकत होती. "आई, दर तीन महिन्यांनी सुट्टी आहे गं."

"मग हे आधी बोलायला काय झालं होतं?"

"तू ऐकत कुठे होतीस? बाह्या बंद करत होतीस."

तिघींना एकदम हसू फुटलं. दुकानात दोन दिवसांनी हवा आल्यासारखं झालं. नकाराच्या पत्राचे चार तुकडे झाले, मुलीनं दुकानातूनच फोन करून होकार कळवला, आणि आईनं दोघींसमोर चपाती मागितली. काय सांगू किती हलकं वाटलं मला! टाचणीला वजन नसतं म्हणतात, पण त्या दिवशी माझ्यावरचं उतरलं.

संध्याकाळी आईनं हात पुढे केला. "वन्सं, माझी टाचणी द्या परत. तिच्या जॅकेटच्या बाह्या उतरवायच्या आहेत."

"अगं, ती सेरेस आहे!"

"ती माझ्या उशीवरची आहे."

आत्यानं दिली. तिची बोटं जरा रेंगाळली. मग वर जाऊन तिनं लाल शाईनं त्या भोकाशेजारी तुळेची खूण काढली, समासात स्वतःची सहीही केली. तिचा पुठ्ठाही सुटला. आता ती अख्खं पान वाचते.

बाह्या झाल्या, पण आईनं मला परत उशीवर ठेवलं नाही. कॉलरच्या आतल्या बाजूला आडवी अडकवली. विसरली असं ती म्हणते. आईचं विसरणं ते.

आता मी बोगद्याच्या तोंडाशी, कामगारांच्या खोलीतल्या खुंटीवर असते. सकाळी जॅकेटबरोबर आत जाते, पाण्याचा टपटप आवाज ऐकते, संध्याकाळी बाहेर येते. मुलीची एक वरिष्ठ मोजणीदार बाई आहे, ती रोज हिच्यासाठी डब्यात दोन घास जास्त आणते. त्याचा सातव्या स्थानाशी संबंध आहे का, हे मला विचारू नका. आत्याला विचाराल तर आहे. मी एवढंच पाहिलं की माणसांना तोंडानं म्हणता येत नाही ते ती ग्रहाकडून म्हणवून घेतात, आणि ग्रह बिचारे नाही म्हणत नाहीत.

दर तीन महिन्यांनी आम्ही घरी जातो. आई आधी कॉलर चाचपते, मग लेकीला जवळ घेते. माझं डोकं अजून हिरवं आहे, थोडं खरवडलंय.

एकच मागणं आहे. मला कापडात टोचा, बुचात टोचा, हवं तर ओठांत धरा. छापील कागदात मात्र पुन्हा खुपसू नका. तिथे काय लिहिलं आहे, ते मला वाचता येत नाही.