एकतीस मुलींची पाठवणी

आमच्या महाविद्यालयाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघात गेल्या आठ महिन्यांत पस्तीस मुली आल्या आणि त्यांपैकी एकतीस निघून गेल्या. दोह्यातील महाविद्यालयांच्या या स्पर्धेचा नियमच असा होता की, खेळाडूने मोबाइलवर अर्ज भरून बटण दाबले की तत्क्षणी ती दुसऱ्या महाविद्यालयाची होई. आमच्या प्रशिक्षिका नीतामॅडम यांनी नावे पाठ करणे डिसेंबरातच सोडून दिले होते. त्या मुलींना बुटांच्या रंगावरून हाक मारीत.

या उलथापालथीत अढळ राहिली ती एकटी कर्णधार हजरा. ती माझ्या बहिणीची कन्या. तिचे हे शेवटचे वर्ष. लागोपाठ दोन सामने त्याच पाच जणींनी खेळावेत, एवढीच तिची इच्छा होती. चार वर्षांत ती एकदाही पुरी झाली नव्हती.

येथे मी माझा अपराध नमूद केला पाहिजे. मी नसरुद्दीन, या संघाची बस चालवितो. आमच्या श्रीवर्धनकडे मुलगी घरातून निघाली की तिला रिकाम्या हाताने जाऊ देत नाहीत. म्हणून ईरा नावाची पहिली मुलगी बदलून गेली तेव्हा मी तिला बसने नव्या महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत नेले, माझी पत्नी रुकैया हिने तांदूळ-गुळाच्या वाफवलेल्या सांदणांचा डबा व एक नारळ तिच्या हाती दिला, दुआ केली आणि मला अश्रू अनावर झाले. ईरा रडली. फाटकावरचा पहारेकरीदेखील रडला.

तीन आठवड्यांनी ईरा आमच्या संघात परतली. मला ती मायेची ओढ वाटली.

"काका, पुढच्या रविवारी मी पुन्हा जातेय," ती म्हणाली. "ह्या वेळी गूळ जरा जास्त घालायला सांगा ना काकूंना. आणि मागच्यासारखंच रडा हां. आई व्हिडिओ काढणारे."

ही वार्ता सर्वत्र पसरली आणि मुली आमच्या संघात केवळ जाण्यासाठी येऊ लागल्या. अनम नावाची मुलगी सोमवारी आली व मंगळवारी पाठवणी मागू लागली.

"अगं, तू अजून चेंडूला हात लावला नाहीस," मी म्हणालो.

"डबा तयार आहे ना, चाचा? मग प्रॅक्टिस कशाला?"

मार्चअखेर हजरा धरून पाचच मुली उरल्या. पाचांहून कमी मुली मैदानात उतरल्यास संघ बरखास्त होईल, असे पत्र आले. त्या पाच जणींचा एक सामना खेळून झाला होता. दुसरा, हंगामातील शेवटचा, गुरुवारी उत्तरेकडील मदिनत अश शमालला होता.

बुधवारी सायंकाळी हजरा आमच्या अल मन्सूरातील घरी आली. शेगडीवर सांदणे वाफत होती.

"मामू, हे कुणासाठी?"

"त्या चौघींनी सांगून ठेवलंय. उद्या मॅचच्या आधी जायचं म्हणतात."

"आणि तुम्ही वाफवताय?"

"रिकाम्या हाताने कसं पाठवू, बेटा?"

"मामू, तुम्ही असं पाठवता म्हणून तर कोणी थांबत नाही!" ती म्हणाली. "उद्या चौघी गेल्या की टीम खलास."

"आपल्या लेकीच्या निकाहात ह्यांचा डोळा ओला झाला नाही," रुकैया मागून म्हणाली. "लोकांच्या पोरींसाठी बघा, वाळवंटात नदी!"

मी शेगडी बंद केली.

गुरुवारी चौघी मोबाइलच्या बटणावर बोट ठेवूनच बसमध्ये बसल्या. बस उत्तरेच्या रस्त्याला लागली आणि हिरव्या बुटांच्या बबीताने हवा हुंगली.

"काका, सांदणांचा वास येत नाही."

"नाहीतच."

"नारळ?"

"नाही."

"निदान रडणार तरी ना?"

"आज रडू येत नाही, बेटा."

"असं कोरडं कोण जातं?" बबीता पुटपुटली. "लोक काय म्हणतील?" तिने बटणावरचे बोट काढले. पाठोपाठ उरलेल्या तिघींनीही काढले.

समोरच्या संघातील ईरासह पाचही जणी आमच्याच पाठवणीच्या होत्या. मला पाहताच त्या खेळ सोडून सलाम करावयास आल्या. पंचांनी त्यांना दोनदा माघारी धाडले. कोणासाठी टाळ्या वाजवाव्यात हे न कळल्याने मी सर्वांसाठी वाजविल्या. आम्ही अठ्ठावन्न विरुद्ध अकरा असे हरलो. अकरातील नऊ गुण हजराचे. उरलेले दोन ईराने जुन्या सवयीने आमच्यासाठी केले.

शिट्टी वाजली. हजराने धापा टाकणाऱ्या चौघींची बोटांवर मोजणी केली, स्वतःला मोजले, आणि पुन्हा एकदा मोजले.

"मामू, त्याच पाच!" ती म्हणाली आणि रडू लागली.

तेव्हा मात्र मलाही आवरेना. माझे अश्रू पाहताच दोन्ही संघांतील नऊच्या नऊ मुली माझ्यासमोर शिस्तीत रांगेत उभ्या राहिल्या व त्यांनी हात पुढे केले.

"डबा नाही," हजरा डोळे पुसत गरजली. "यल्ला, बसमध्ये बसा!"

नऊही जणी बसमध्ये चढल्या. कोणती मुलगी कोणत्या महाविद्यालयाची, हे विचारण्याच्या भरीस मी पडलो नाही. एकेकीला तिच्या घरी सोडले.

हजरा सर्वांत शेवटी उतरली. दारातून ती मागे वळली.

"मामू, जूनमध्ये माझं कॉलेज संपतंय. माझ्या जाण्याला मात्र सांदणं लागतील."

"गूळ?"

"जास्त."