बोरन्हाणाला मुलं हवीत

संक्रांत उलटली तरी केयूरच्या बोरन्हाणाला मुलं मिळेनात. तेजस्विनीने सदाशिव पेठेतली आपली इमारत मनातल्या मनात पालथी घातली. मजल्यामजल्यावर पेन्शन, मोतीबिंदू आणि अमेरिकेतली नातवंडं. लहान मूल म्हणाल तर एकटा केयूर.

"म्हनून म्हनते, हिकडं राहायला ये," धायरीहून आई फोनवर म्हणाली. "सोसायटीत पोरंच पोरं हायती. तिथं त्यो खेळंल कुनासंगं?"

नवऱ्याने, योगेशने, निर्णय तिच्यावर सोडला होता, आणि जायचं हे तिचं जवळजवळ ठरलंच होतं.

तरी रविवारी संध्याकाळी तिने सारसबागेत, हिरवळीवर चादर अंथरली. काळं झबलं, हलव्याचा मुकुट घालून केयूरला मधोमध बसवलं. बागेत मुलं होती, पण लांब, चेंडूमागे. हाक मारायला तिची जीभ उचलेना. अनोळखी बाई खाऊ देतेय म्हटल्यावर तिने तरी केयूरला पाठवलं असतं का?

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे अनंतकाका काठी टेकत आले. मागे नीरजाकाकू आणि बाकावरची रोजची मंडळी.

"योगेश जिन्यात बोलला म्हणून कळलं. आमंत्रण द्यायची तुमच्याकडे पद्धत नसावी."

"अहो काका, याला लहान मुलं लागतात..."

"आम्हाला दुसरं बालपण आलंय, असं सूनबाई रोज फोनवर म्हणतात."

काकूंनी पातेल्यात डोकावलं. "बोरं कुठायत?"

"घशात अडकतील म्हणून नाही घेतली. ऊसही नाही."

"छान! म्हणजे कुरमुऱ्यांची आंघोळ."

तेजस्विनीने केयूरच्या डोक्यावरून कुरमुरे-बत्तासे ओतले. तो दचकला, त्याने ओठ काढले. तशी काकांनी काठी टाकली आणि ते चक्क चादरीवर बसले. "ए, तो बत्तासा माझा!" काकूंनी पदर पसरला. अशी काही झोंबाझोंबी झाली की केयूर रडायचं विसरून खिदळायला लागला.

चेंडूवाली मुलं धावत आली. "आम्ही पण घेऊ?"

"मागे उभे राहा. आम्ही आधी आलोय," काका म्हणाले. पण ऐकतंय कोण!

केयूरने मूठभर कुरमुरे उचलले आणि काकांच्या टकलावर नीट, जपून ओतले. काका डोळे मिटून बसून राहिले.

फोन वाजला. "एवढा दंगा कसला गं?" आई विचारत होती. "कवा येताय मग?"

तेजस्विनीने एका हाताने काकांना उठायला आधार दिला.

"मे महिन्यात येऊ, आई," ती म्हणाली. "सुट्टीला."