न हललेला काटा

मित्रांनो, काचेच्या पेटीत बसलेला मी एक जुना तराजू. सुरतेला, गोडादऱ्याच्या एका मराठी शाळेत माझी सारी नोकरी झाली. माझ्यावाचून विज्ञानाचा तास होत नसे, त्यामुळे मी जरा चढूनच गेलो होतो. एकदा रंगसफेदीच्या वेळी पेटी हलवताना मी पडलो. ज्या धारेवर माझी दांडी डोलते, ती बोथट झाली आणि थोड्याशा वजनाने दांडी हलेनाशी झाली. वरून मी धडधाकट दिसत होतो, म्हणून कोणी तपासले नाही.

१९९६ साली प्रमोद सर आठवीच्या मुलांना जुनी हकिकत सांगत होते. पदार्थ जळताना त्यातून काहीतरी निघून जाते, असे पूर्वी मोठमोठे विद्वान मानत. मग कोणीतरी धातू जाळण्याआधी आणि जाळल्यावर तोलून पाहिला, तर वजन वाढलेले. "सगळं जग एका बाजूला असलं, तरी तराजू दाखवेल तेच लिहायचं," सर म्हणाले. ते ऐकून मी फुशारलो.

मग मुलांनी लोखंडाचा कीस तोलला, जाळला आणि पुन्हा माझ्या पारड्यात ठेवला. वजन वाढले होते, पण माझा काटा जागचा हलला नाही. एक्केचाळीस मुलांनी वहीत 'वाढले' असे लिहिले. एकट्या नूतनने लिहिले, 'वाढले नाही'. सरांनी तिच्या वहीवर लाल फुली मारली. नीट पाहिले नाही म्हणून तिला उभे केले आणि उत्तर सुधारले नाही तर विज्ञान प्रदर्शनातून नाव काढीन, असे बजावले. तिचा चेहरा उतरला. गुन्हा माझा होता आणि शिक्षा ती भोगत होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दुसऱ्या दिवशी ती उत्तर न सुधारताच आली. तिचे वडील सुपडू पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या कारखान्यात रंग तोलत.

"सर, पप्पा म्हणतात, आदी तराजू तपासी ले, मंग रंग तोल," ती चाचरत म्हणाली.

तिने माझ्या रिकाम्या पारड्यात एक ग्रॅमचे वजन टाकले. मी ढिम्म हललो नाही.

सरांनी वर्गाकडे वळून हळूच विचारले, "मग तुम्हा बाकीच्यांना वजन वाढलेलं दिसलं कुठे?"

मग ते नूतनकडे वळले.

"उत्तर मीच आधी सांगून ठेवलं होतं. चूक माझी आहे, नूतन."

सरांना निदान माफी मागता आली. मला तेवढेही जमले नाही. मित्रांनो, तोलण्याआधी मला तपासत जा. आणि जे मी दाखवलेच नाही, ते माझ्या नावावर लिहू नका.