कळ सोडली तरी अक्षर चालूच

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांच्या नजरा मेजावरच्या लॅपटॉपवर खिळलेल्या. आत्मे बोलावणाऱ्या बाबांनी कळफलकावर बोट टेकवलं, उचललं, दोन्ही हात हवेत धरले, आणि पडद्यावर आपोआप अक्षरं धावू लागली. ययययययय.

"ये म्हणतायत!" शेजारीण रडतच म्हणाली.

लॅपटॉप माझ्या भावोजींचा. ते अनुवादक होते, महिन्यापूर्वी गेले. ही त्यांचीच हाक आहे, असं या बाबाने माझ्या ताईच्या डोक्यात भरवलं होतं. "सुई टोचलेल्या देहाकडे आत्मा फिरकत नाही, माई. इन्सुलिन सोड, मग तो सविस्तर बोलेल." काय पण आत्मा! जन्मभर हिला स्वतःच्या हाताने सुई देणारा माणूस मेल्यावर सुईला घाबरायला लागला!

ताईने दोन दिवस इन्सुलिन घेतलं नव्हतं. ओठ सुकलेले, सारख्या उलट्या, श्वास भराभर. मी आणलेली रुग्णवाहिका दारात उभी, आणि ही जागची हलेना. "ते बोलतायत गं, मी कशी उठू?"

माझं डोकं तडकलं होतं, पण आरडाओरडा करून ती उठली नसती. "लॅपटॉप असं कधीपासून करतोय?"

"गेल्या आठवड्यात अपडेट केलं तेव्हापासून. सूचना आली होती. त्यांचं काम अडायला नको म्हणून मी हो म्हटलं."

त्या अपडेटने लॅपटॉप चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीचा कर्नल, म्हणजे तिचा गाभाच, बदलला होता. मी लॅपटॉप बंद करून त्यात अजून शिल्लक असलेल्या जुन्या कर्नलवर सुरू केला.

"बोलवा, बाबा."

त्यांनी बोट टेकवलं, उचललं. एकच य. पुन्हा टेकवलं. आणखी एक, बस्स.

"तुझ्या अश्रद्धेने तो रुसला!"

"मग रुसवा काढते." मी नवा कर्नल सुरू केला, बाबांना लांब उभं केलं आणि स्वतः क दाबून सोडला. कककककक. "बोट उचलल्याची खबर नव्या कर्नलपर्यंत पोचतच नाही. म्हणून तो तेच अक्षर लिहीत सुटतो. बोट उचललं तरी अक्षर थांबत नाही, एवढं बाबांना पक्कं ठाऊक होतं."

बाबा चपला शोधू लागले.

ताई पडद्याकडे बघत राहिली. "म्हणजे हे ते नाहीत?"

"नाही, ताई. भावोजी गेले."

महिनाभर अडलेला हंबरडा तिने तेव्हा फोडला, आणि रडत रडतच स्ट्रेचरवर आडवी झाली.

ती वाचली, पण अजून माझ्याशी धड बोलत नाही. तिच्या नवऱ्याचं मरण तिला दुसऱ्यांदा मी सांगितलं ना. तरीही सांगते, यंत्र बिघडलं तर बिघाड शोधा. माणूस गेला तर पोटभर रडा. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून औषध बंद करू नका.