खडूचा वढा

आमच्या पालमच्या बाजूला शहाऐंशीच्या साली बालवाडी म्हंजी चावडीमागची एक खोली. पावसाळ्यात बाहीर चिखल असा, की चप्पल रुतायची अन् पाय तेवढा वर यायचा. तवा लेकरांनी हालायचं कुठं? मी म्हणले, आतच. तरटपट्ट्या गुंडाळून भिंतीला लावायच्या, खडूनं भुईवर दोन रेघा वडायच्या अन् सांगायचं, ह्यो पाण्यानं भरलेला वढा, मारा उडी. कधी बेडूक व्हायचं, कधी पोळ्याचे बैल. परभणीला प्रशिक्षणात सांगितलं व्हतं, लेकरू हाललं तर हाड बी वाढतं अन् डोस्कं बी चालतं. मला पटलं. गावाला न्हाई पटलं.

"कुसुमबाई, उड्या मारून आमचं पोरगं दुपारी दुसरी भाकर मागायलंय," तात्याराव म्हणले. "गप बसवून अक्षरं शिकवा की."

"गप बसायला ते काय देव हाय?" मी म्हणले. माझी जीभ अशीच हाय, काय करता.

पण खरं सांगू? माझा सगळा जीव दैवशालात. बायनाबाईची पोरगी, पाच वर्षांची, पाय काटकुळे. लय उशिरा चालायला लागलेली. सगळी लेकरं वढा वलांडायची अन् ही काठावर उभी. मी दोन्ही हात धरायची, तवा कशाबशा टाचा उचलायची. दसऱ्यापर्यंत एक हात सुटला. आता दुसरा तेवढा सुटला की झालं, असं मी रोज म्हणायची.

अन् दसरा सरला न सरला, ऊसतोडीचा ट्रक चावडीपुढं येऊन लागला.

मी बायनाबाईला गाठलं. "हिला ठिव माझ्यापाशी. खाईल, खेळंल. उडी यायलीय तिला."

"बाई, तुमचं खरं हाय," गाठोडं बांधता बांधता ती म्हणली. "पण आमी दोघं फडात गेल्यावर धाकट्याला कोण बघंल?"

दैवशाला ट्रकात भांड्यांच्या पोत्यावर बसली व्हती, मांडीवर अंगावर पिणारा भाऊ. मी हात हालवला. तिनं न्हाई हालवला. हातात लेकरू व्हतं ना.

निम्मी खोली रिकामी झाली. ऱ्हायलेली लेकरं उड्या मारायची, पण माझी नजर आपली काठावर जायची. संक्रांतीला तिच्या नावाचा तिळगूळ मी फळीवर ठिवला, त्याला मुंग्या लागल्या. लेकरांना हाका मारताना तिचंच नाव तोंडात यायचं. मग लेकरं सांगायची, "बाई, ती न्हाई." माहीत हाय रे बाबांनो. लय आठवण यायची मला तिची, पोटच्या लेकरासारखी.

जूनमधी आली. उन्हानं काळवंडलेली, पर उंच झालेली. धाकटं चालायला लागलेलं, ते घरी आईपाशी. मला वाटलं, आता वढा काय चीज हाय हिला. लगेच रेघा वडल्या.

"मार उडी, दैवशाला."

ती काठावर आली. एका अंगाला कललेली, कंबर बाहीर काढून, डावा हात पोटाशी वाकवून. मी तो हात सरळ केला, तो परत वाकडा झाला. लेकरू वागवून वागवून पोरीचं अंगच तसं बसलं व्हतं.

"अगं, नीट उभी ऱ्हाय. मार की."

"बाई, कडंवर बाळ हाय," ती म्हणली. "पाण्यात पडंल."

लेकरं हसायला लागली. मी डोळे वटारले. वढा तरी कुठं खरा व्हता? तो मीच काढलेला.

मी तिच्यापाशी बसले अन् हात पुढं केले. "आण. मी धरते."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. मग कडंवरून उचलल्यावाणी केलं, मानंखाली हात लावून सावकाश माझ्याकडं दिलं. मी ते छातीशी धरलं. तवा कुठं ती सरळ उभी ऱ्हायली. दोन्ही पाय जुळवले, अन् उडाली. पल्याड गेली. तिला कुणी धरलं नव्हतं.

माझे डोळे भरून आले. "आणखी एक मार," मी म्हणले.

ती उडी मारून अल्याड आली ती थेट माझ्यापुढं, दोन्ही हात पसरून.

"आणा बाई," ती म्हणली. "रडायलंय ते."